वानराचा विषाणू आणि पालीची मुले

डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले लवूळ गाव जगभरच्या बातम्यांत झळकले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या माथ्यावर नेत होती. पिल्ले वरून पडून किंवा उपासमारीने मरत होती. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातमीगणिक फुगत गेला. शेवटी नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. ‘सूड’ हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. माणसाने आपलाच स्वभाव वानराच्या माथी मारला, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

वानरांवर असाच एक जुना आरोप आहे: एड्स माकडांकडून आला. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे माहीत नसल्यामुळे माणसांचे हाल झाले आहेत.

आपल्याकडचे वानर काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. लाल तोंडाचे माकड वेगळे. वानराच्या अंगात विषाणू नसतातच असे नाही. 2000 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील जयश्री नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हनुमान वानरात एक नवा ‘टाइप डी’ रेट्रोव्हायरस सापडल्याचे जाहीर केले. रेट्रोव्हायरसची करामत अशी, की तो आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करतो आणि ती पेशीच्या डीएनएतच शिवून टाकतो. पेशीच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव एकदा चढले की उतरत नाही. पेशी दुभंगली की दोन्ही वाटण्यांत ते नाव असतेच.

पण वानरातला हा विषाणू एड्स घडवणाऱ्या एचआयव्हीचा पूर्वज नव्हे; त्याचे घराणेच निराळे. एचआयव्हीचे घराणे एसआयव्हीचे, म्हणजे माकडे आणि चिंपांझी यांच्यातल्या तशाच विषाणूंचे, आणि ते आफ्रिकेतले. आशियातल्या कुठल्याही माकडात एसआयव्ही निसर्गतः आढळलेला नाही. आशियात माकडाकडून थेट माणसाकडे आलेला म्हणून जो रेट्रोव्हायरस सिद्ध झाला, तो ‘फोमी’ विषाणू. बालीतल्या माकडांच्या एका मंदिराशी संबंध असलेल्या माणसात तो सापडल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने माणसाला कुठला आजार झाल्याचे दिसलेले नाही.

मग जगभर पसरलेला एचआयव्ही आला कुठून? संशोधकांनी रानटी चिंपांझींना हात न लावता कॅमेरूनच्या जंगलातून त्यांची विष्ठा गोळा केली, तिच्यातला विषाणू तपासला, आणि 2006 मध्ये उत्तर मिळाले: आग्नेय कॅमेरूनमधले चिंपांझी. शिकार सोलताना रक्त माणसाच्या जखमेत गेले असावे, हा आजचा सर्वमान्य कयास. किन्शासात 1959 आणि 1960 साली घेतलेल्या नमुन्यांतल्या विषाणूंची तुलना करून त्यांचा समान पूर्वज 1908 च्या आसपासचा ठरवला गेला. पुढे वसाहतीच्या काळातले रेल्वेमार्ग आणि वाढती शहरे यांनी त्याला वाट दिली. ती वाट माणसाने काढली, चिंपांझीने नव्हे.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पेशीतून बाहेर पडू पाहणाऱ्या विषाणूला ‘टेदरिन’ नावाचे प्रथिन, वासराला दाव्याने बांधावे तसे, पेशीलाच बांधून ठेवते. चिंपांझीच्या अंगात एसआयव्हीचे ‘नेफ’ प्रथिन हे दावे सोडवते. माणसाच्या दाव्यात मात्र नेफने जिथे पकड घ्यायची तो तुकडाच नाही. तेव्हा जगभर पसरलेल्या ‘एम’ गटातल्या विषाणूने ते काम ‘व्हीपीयू’ या दुसऱ्या प्रथिनाकडून करून घेतले. एका प्राण्याचा विषाणू दुसऱ्यात नांदायचा तर इतकी खटपट लागते. आणि माणसांत आल्यावरही तो जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही.

हे सारे बीडच्या माणसाला सांगायचे कारण पाली. बीडजवळच्या या गावी दत्ता आणि संध्या बारगजे हे दांपत्य ‘इन्फंट इंडिया’ संस्थेत एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ करते. या मुलांनी कुठल्या जंगलात शिकार केली नव्हती. आईकडून बाळाकडे, गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून हा विषाणू जातो. उपचार न घेतल्यास शंभरांतल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. आईने वेळेवर औषध घेतले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. ही औषधे आपल्याकडे 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बाधितांना शाळेत, नोकरीत, दवाखान्यात वेगळी वागणूक देण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे.

वानर चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखाना गाठा. तिथे खरी भीती रेबीजची, एड्सची नाही. आणि आपल्या गल्लीत, तांड्यावर, ऊसतोडीच्या टोळीत कुणी गरोदर असेल, तर तिची एचआयव्ही तपासणी झाली का, हे आजच आशाताईंना विचारा.