पाणी पिणारा दगड

बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवीच्या मुलांपुढे मी दोन दगड ठेवले. एक काळा, बांधावर सापडतो तसला. दुसरा लाल, भोकाभोकांचा जांभा, बीदरच्या पठारावरचा. दोन्ही उन्हात खडखडीत वाळवलेले आणि किराणा दुकानातून मागून आणलेल्या काट्यावर तोललेले. वजनं फळ्यावर लिहिली आणि दगड बादलीत सोडले. आता कोणी काही बोलायचं नाही, फक्त बघायचं.

काळा तळाला जाऊन पडून राहिला. जांभ्यातून मात्र बुडबुड्यांच्या माळा सुटल्या. पुढे बसलेल्या एका मुलीने बादलीशी कान नेला आणि ती ओरडलीच, "गुरुजी, दगड पाणी पिऊलालाय!"

अर्ध्या तासाने पुन्हा तोललं. काळ्याच्या वजनात फरक दिसेना, जांभा चांगलाच जड भरला. हवा बाहेर आली, तिच्या जागी पाणी गेलं, हे मुलांनीच सांगितलं.

बीदर शहर याच जांभ्यावर वसलंय, आणि त्याच्याखाली काळा दगड आहे. पावसाचं पाणी लाल दगडातून झिरपत उतरतं, खाली अडतं, मग आडवं सरकत पठाराच्या कडेला झरा होऊन निघतं. 15व्या शतकात, बहमनी काळात, नौबादजवळ खोदलेल्या सुरंग बावीने हेच पाणी धरलं. जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा, आणि गाळ उपसायला, हवा खेळायला वरून ठिकठिकाणी विहिरीसारखी विवरं. ही इराणी कारेजची पद्धत. मुलांना तिथे न्यायचं ते बादलीनंतर. आधी नेलं तर नुसती सहल होते. नंतर नेलं तर मुलं भिंतीवरून हात फिरवत ओल शोधतात.

आमच्याकडची मांजरा नदी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पाऊस संपून दोन महिने झाल्यावर नदीत पाणी कुठून येतं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. ते पाणी जमिनीने पावसाळ्यात पिऊन ठेवलेलं, हळूहळू सोडलेलं. ही साठवण आटली की काय होतं ते याच नदीच्या खोऱ्याने 2016च्या एप्रिलमध्ये पाहिलं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आज सातवीत असलेल्यांना ते आठवत नाही, म्हणून मी दरवर्षी सांगतो.

बीदर जिल्ह्याचं सगळं पाणी मात्र मांजरेला मिळत नाही. सुमारे 4,411 चौरस किलोमीटर मांजरा जिला मिळते त्या गोदावरीच्या खोऱ्यात, 585 कृष्णेच्या. बसवकल्याणकडची मुल्लामारी कलबुर्गीकडे वळते आणि भीमेच्या वाटेने कृष्णेला जाते. मैदानात मातीचा लांबट ढीग करून वर झारीने पाणी शिंपडलं की मुलांना हे नकाशाशिवाय कळतं. एकाच झारीचं पाणी, दोन बाजूंना दोन नद्या.

नदीकाठी आम्ही दोन पांढऱ्या पराती, चहाची गाळणी आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन गेलो. दगड उलटा करायचा, खालची बाजू ब्रशने एका परातीत झाडायची. वाहत्या पाण्यातल्या दगडाखाली चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे किडे निघाले. थोडं खाली, सांडपाणी मिसळतं तिथल्या चिखलात फक्त लाल अळ्या, वळवळणाऱ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू अगदी कमी असला तरी त्या तगतात. शेपटीवाल्यांना ते जमत नाही. दोन परातींमध्ये फार तर शंभर पावलांचं अंतर होतं. मुलं बराच वेळ या परातीवरून त्या परातीवर जात राहिली. मग ज्याचे किडे त्याच दगडाखाली परत सोडले. हा आमचा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी एका मुलाने दप्तरातून भुरकट, ठिसूळ मुरमाचा खडा काढला. आजोबांच्या विहिरीतला, कडेचा. "हे पितंय का बघू." बादली त्यानेच भरून आणली. खडा बुडाला, आणि काही क्षणांनी एका कोपऱ्यातून बुडबुडे यायला लागले.