पंधरवड्याचा पगार, महिन्याचा संसार



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, ‘सर, काळ म्हणजे काय, यावर तुम्ही तासभर बोललात, पण रोजच्या व्यवहारात त्याचा उपयोग काय?’ आज त्याचं उत्तर देतो, पगाराचं उदाहरण घेऊन.

माझी भाची अमेरिकेची नागरिक झाल्यावर तिथल्या केंद्र सरकारच्या, म्हणजे संघीय, नोकरीत लागली. नेमणूकपत्रात वार्षिक पगार ६०,००० डॉलर. लहानपणापासून घरात महिन्याचा पगार पाहिलेला. तिने बाराने भागलं, महिना ५,००० धरले आणि त्या हिशोबाने घर भाड्याने घेतलं. महिन्याच्या दोन पगारांची बेरीज निघाली ४,६००, तीही कर आणि इतर कपातींच्या आधीची. रात्री तिचा फोन आला, ‘मामा, हे लोक मला दरमहा चारशे डॉलर कमी देतायत!’

कमी कोणी देत नव्हतं. चूक बाराने भागण्यात होती.

आता नीट बघा. तिथल्या बहुतेक संघीय कर्मचाऱ्यांचा पगार दोन आठवड्यांच्या कालावधीवर मोजतात. त्याला ‘पे पीरियड’ म्हणतात. आपण त्याला पंधरवडा म्हणू, पण हा पंधरवडा १५ दिवसांचा नाही, १४ दिवसांचा आहे. सगळी गफलत त्या एका दिवसात आहे. महिन्यातून दोनदा पगार म्हटला तर वर्षाला २४ पगार होतात. दर दोन आठवड्यांनी म्हटला तर २६. त्याच सरकारच्या सैन्यात पगार १ आणि १५ तारखेला होतो, म्हणजे वर्षात २४ वेळा. दोन्ही पद्धती ऐकायला सारख्या, हिशोबाला वेगळ्या.

मग ६०,००० ला २६ ने भागायचं का? तेही नाही. कायद्याप्रमाणे वार्षिक पगाराला २,०८७ ने भागून तासाचा दर काढतात. इथे तो २८.७५ डॉलर येतो. पूर्ण वेळाच्या पंधरवड्याचे तास ८०, म्हणून एक पगार २,३०० डॉलरचा.

हा २,०८७ आकडा आला कुठून? ५२ आठवडे गुणिले ४० तास म्हणजे २,०८०. पूर्वी हाच आकडा वापरत. पण वर्ष बरोबर ५२ आठवड्यांचं नसतं. एक दिवस, लीप वर्षी दोन दिवस उरतात. वार आणि तारखांचा मेळ २८ वर्षांनी पुन्हा तसाच जुळतो. त्या २८ वर्षांतल्या कामाच्या तासांची सरासरी काढली तर ती २,०८७ च्या किंचित वर येते. म्हणून १९८० च्या दशकात तिथल्या संसदेने भाजक बदलला.

आता गंमत बघा. २,३०० गुणिले २६ म्हणजे ५९,८००. वर्षाला २०० डॉलर कमीच! पण ते उरलेले दिवस साठत जातात, आणि साधारण अकरा वर्षांनी एका वर्षात २७ पगार येतात. तेव्हा हातात ६२,१०० पडतात. तो बोनस नव्हे. केलेल्या कामाचाच तो पगार असतो.

तेव्हा ‘वार्षिक पगार’ हा एक दर आहे, कॅलेंडरच्या वर्षाला दिलेलं वचन नव्हे. खरं एकक आहे तो पंधरवडा. रजासुद्धा त्याच मापाने जमते: आजारपणाची रजा दर पंधरवड्याला ४ तास, आणि वार्षिक रजा नव्या माणसाला ४, तीन वर्षांनंतर ६, पंधरा वर्षांनंतर ८ तास.

पण घरभाडं महिन्यानेच मागतात ना! पगार आठवड्याच्या मापाने येतो, खर्च महिन्याच्या मापाने जातो, आणि ही दोन मापं एकमेकांत पूर्ण बसत नाहीत. म्हणून भाचीला म्हटलं, ‘संसार दोन पगारांवर आख. वर्षातले दहा महिने ४,६०० चे, दोन महिने तीन पगारांचे, ६,९०० चे. तो तिसरा पगार विम्यासाठी, अडीअडचणीसाठी बाजूला ठेव.’ तिने घर बदललं, थोडं लहान घेतलं. आता रात्री फोन येत नाहीत.

पुढे ती निवृत्त होईल तेव्हा तिथलं संघीय निवृत्तिवेतन मात्र दरमहा येईल. तेव्हा बाराने खुशाल भागावं.

श्रोतेहो, आपल्या कितीतरी तक्रारी अशाच असतात. आपण माप एक धरतो आणि मोजतो दुसरंच. कोणावर रागावण्याआधी भाजक एकदा तपासून पाहावा. तत्त्वज्ञानाचा एवढा उपयोग झाला तरी मला पुरे आहे.