म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगावरील गाठ

दहा-बारा वर्षे दार राखलेली कुत्री मंदावली, की "आता वय झाले" असे म्हणून घरची माणसे स्वस्थ बसतात. वार्धक्य हा काही रोग नव्हे. परंतु त्याच्या आडोशाला रोग लपून राहतो.

कुत्रीच्या पोटाखाली सामान्यतः सडांच्या पाच जोड्या असतात. कर्करोगाची गाठ बहुधा मागच्या दोन जोड्यांत उद्भवते. प्रारंभी ती हरभऱ्याएवढी असते आणि दुखत नाही. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या घातक निघतात. मांजरीत तर बहुतेक घातकच असतात. नुसत्या डोळ्यांनी हा भेद कळत नाही. यास्तव महिन्यातून एकदा सडांवरून हलक्या हाताने बोटे फिरवावीत आणि गाठ लागताच पशुवैद्याला दाखवावी. ती ३ सेंटिमीटरांहून लहान असतानाच काढल्यास धोका पुष्कळ कमी होतो. रोग फुप्फुसांत पसरत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र घेतात. काढलेली गाठ तपासणीस अवश्य पाठवावी. पहिल्या माजापूर्वी अंडाशय काढलेल्या कुत्रीला हा रोग क्वचितच होतो.

रोग पसरलाच असेल, तर वेदना कमी करणे हेच उपचाराचे ध्येय उरते. मात्र माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा प्राण घेऊ शकते.

मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते धन्याच्या बोटांनीच वेळेवर ओळखावे लागते.