लेखिकांनीं लिहिलें केव्हां?

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या स्त्रीला हटकून विचारला जाणारा एक प्रश्न आहे: "हें सारें तुम्हांला सुचतें तरी कसें?" दुसरा प्रश्न सहसा मोठ्यानें कोणी विचारीत नाहीं, पण भरल्या घरांत संसार केलेल्या प्रत्येक बाईच्या मनांत तोच आधीं येतो: "आणि लिहायला वेळ सांपडतो तरी केव्हां?" पुरुष-लेखकांच्या चरित्रांत या दुसऱ्या प्रश्नाला बहुधा जागाच नसते. त्यांना खोली असते, खोलीला दार असतें, आणि दाराबाहेर चहाचा पेला घेऊन कोणी तरी उभें असतें. स्त्रियांच्या बाबतींत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत असे गुंतलेले आहेत, कीं एकाचें उत्तर दुसऱ्यावांचून देतांच येत नाहीं. इंग्रजी कादंबरीला एकोणिसाव्या शतकांत ज्या लेखिकांनीं थोरवी आणून दिली, त्यांच्या पत्रांतून व चरित्रांतून याचा जो उलगडा होतो, तो एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना मुळींच परका वाटणार नाहीं.

जेन ऑस्टिन (1775–1817) यांचें नांव अर्थातच पहिलें. 1809 सालीं भावानें दिलेल्या चॉटन गांवच्या घरांत त्या आई, बहीण कॅसँड्रा आणि एक मैत्रीण यांच्यासह राहूं लागल्या. तेथील त्यांचें लिहिण्याचें टेबल आजहि जपून ठेवलेलें आहे. तें इतकें लहान आहे, कीं त्यावर एक वही व एक दौत एवढेंच काय तें मावावें. पुतण्यानें पुढें लिहिलेल्या चरित्रांत अशी हकीकत आहे, कीं बाई बैठकीच्या खोलींत लहान लहान कागदांवर लिहीत आणि कोणी आलें कीं ते कागद झांकून टाकीत. त्या खोलीचें एक दार उघडतांना कुरकुरत असे. तें दुरुस्त करूं नये असा बाईंचा आग्रह होता, कारण पाहुण्यांची वर्दी त्या कुरकुरीनेंच मिळे. ही गोष्ट थोडी रंगविलेली असावी असें अलीकडच्या कांहीं अभ्यासकांना वाटतें. असेलहि. परंतु 1816 सालच्या सप्टेंबरांत बाईंनीं कॅसँड्राला लिहिलेलें पत्र तर त्यांच्याच हातचें आहे. पाहुणे नुकतेच गेले होते. डोक्यांत मटणाचे तुकडे आणि रेवाचिनीच्या मात्रा भरलेल्या असतां साहित्यरचना करणें मला अशक्य वाटतें, अशी कबुली त्यांनीं त्या पत्रांत दिली आहे. आणि संसाराचा भार सांभाळून पुस्तकें लिहिणाऱ्या वेस्ट नांवाच्या एका समकालीन लेखिकेविषयीं मोठें आश्चर्य व्यक्त केलें आहे. (आपल्याकडील बाईनें मटणाऐवजीं पुरणाचें नांव घेतलें असतें, इतकाच काय तो फरक.) हें लक्षांत ठेवावें, कीं 1801 सालीं जुनें घर सुटल्यापासून चॉटनला स्थिर होईपर्यंतच्या आठ वर्षांत या अद्वितीय लेखिकेच्या हातून फारसें कांहींच लिहून झालें नाहीं. चॉटनला आई व बहीण यांनीं घरकामाचा बराचसा भार उचलला, बाईंकडे सकाळच्या न्याहारीचें आणि चहा-साखरेचें काम राहिलें, आणि मग कादंबऱ्या एकामागून एक बाहेर पडूं लागल्या. त्या कादंबऱ्यांचें श्रेय कॅसँड्राला कोणी फारसें देत नाहीं.

हॉवर्थच्या धर्मोपदेशकाच्या घरीं ब्राँटे भगिनींची तऱ्हा निराळीच होती. रात्रीचे नऊ वाजले कीं शिवणकाम बाजूला ठेवून तिघी बहिणी जेवणघरांतील टेबलाभोंवतीं येरझारा घालीत, आणि लिहीत असलेल्या कथेंत पुढें काय व्हावें याची चर्चा करीत. आठवड्यांतून एकदोनदां प्रत्येकीनें आपलें लिखाण इतरांना वाचून दाखवावें अशी रीत होती. 1848 च्या डिसेंबरांत एमिली गेली, 1849 च्या मे महिन्यांत ॲन गेली. आणि त्यानंतर शार्लट त्याच खोलींत रात्रीं एकटीच फेऱ्या घालीत असे. ज्यांनीं हें चरित्रांत लिहून ठेवलें त्या एलिझाबेथ गॅस्केलबाईंनींच आणखी एक प्रसंग सांगितला आहे. घरची म्हातारी मोलकरीण टॅबी हिला दिसेनासें झालें होतें आणि तिनें सोललेल्या बटाट्यांत काळे डोळे राहून जात. तिला दुसरीच्या हातीं काम दिलेलें खपत नसे. म्हणून ऐन लेखनाच्या भरांत असतांहि शार्लट हळूच उठून बटाट्यांचें भांडें घेऊन येई, राहिलेले डोळे काढून टाकी, आणि म्हातारीला न कळत भांडें जागेवर ठेवून पुन्हां लिहायला बसे.

स्फूर्तीबद्दल शार्लटनें दिलेलें उत्तर मला फार मोलाचें वाटतें. 'व्हिलेट' (1853) या कादंबरींत अफूच्या अमलाचें हुबेहूब वर्णन आहे. गॅस्केलबाईंनीं विचारलें, तुम्हीं कधीं अफू घेतली होती काय? शार्लट म्हणाली, कधींच नाहीं. जें अनुभवलेलें नाहीं त्याचें वर्णन करण्याची वेळ आली, कीं मी रोज रात्रीं झोंप लागेपर्यंत त्याचाच विचार करतें. कधीं कधीं आठवडेच्या आठवडे कथा तेथेंच अडून राहते. मग एके दिवशीं सकाळीं जाग येते आणि सारें डोळ्यांपुढें स्पष्ट उभें असतें. स्फूर्ति म्हणजे विजेचा लखलखाट असें मानणाऱ्यांनीं हे आठवडे विसरूं नयेत.

खुद्द गॅस्केलबाईंचा (1810–1865) संसार या सर्वांत मोठा. पति मँचेस्टरचे धर्मोपदेशक. पदरीं चार मुली. 1845 सालीं एकुलता मुलगा वर्षाचाहि नसतां लोहितज्वरानें दगावला. दुःखांतून मन निघावें म्हणून पतीनेंच त्यांना मोठें लेखन हातीं घ्यायला सुचविलें. त्यांनीं आरंभीं शंभर वर्षांपूर्वींच्या खेडेगांवची एक गोष्ट मनांत घेतली होती. पण शहराच्या रस्त्यांवरून रोज खांद्याला खांदा लावून जाणाऱ्या गिरणी-कामगारांच्या आयुष्यांत केवढें नाट्य दडलेलें असेल, या विचारानें ती मागें पडली आणि 1848 सालीं 'मेरी बार्टन' प्रसिद्ध झाली. स्वतःच्या शोकांतून निघालेली ही बाई दुसऱ्यांच्या उपाशी मुलांपर्यंत पोंचली, हें या कादंबरीचें खरें मर्म आहे.

1857 सालच्या एका पत्रांत त्यांनीं आपल्या सकाळचा हिशेब दिला आहे. न्याहारीनंतरच्या जेमतेम तासाभरांत त्यांना निर्णय द्यावे लागले ते असे: गोमांस किती वेळ शिजवावें, मँचेस्टरच्या धुरांत कोणतीं फुलझाडें जगतील, झग्याची लांबी किती असावी, मुलांच्या शिक्षिकेला पगार काय द्यावा. एखाद्या पुरुषाप्रमाणें निवांत ग्रंथालय मिळालें तर मी केवढें लिहीन, असा सुस्कारा त्यांनीं त्यांत टाकला आहे. मात्र 1862 सालीं लहान मुलें असलेल्या एका होतकरू लेखिकेला त्यांनीं दिलेला सल्ला वेगळा आहे. माझीं मुलें लहान असतां मला कथा लिहितां आल्या नसत्या. कल्पनेंतल्या माणसांत गुंतून खऱ्या माणसांकडे दुर्लक्ष झालें असतें. चाळिशीपर्यंत थांबा, अंगीं गुण असेल तर दसपट चांगलें लिहाल. आणि त्याच पत्रांत, कपडे आदल्या रात्रींच भिजत घालीत असालच, अशी आठवण! हा सल्ला मला सर्वस्वीं पटत नाहीं. एमिली आणि ॲन यांना चाळिशी पाहतां आली कोठें?

1929 सालीं व्हर्जिनिया वुल्फ यांनीं लेखिकेला स्वतःची खोली व स्वतःचें उत्पन्न हवें असें निक्षून सांगितलें. मागणी रास्त आहे. आपल्याकडे काशीबाई कानिटकर (1861–1948) लग्न होऊन सासरीं आल्यावर वाचायला शिकल्या, आणि वडील मंडळींची नापसंती सोसून 'रंगराव'सारखी कादंबरी लिहित्या झाल्या. त्यांना कोणती खोली होती? 1933 सालीं 'कळ्यांचे निःश्वास' निघालें तेव्हां तर खोलीहून दुसरेंच कवच लागलें. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनाचें तें उघड चित्र पाहून गदारोळ उठला, आणि विभावरी शिरूरकर या नांवामागें कोण आहे याचा शोध सुरू झाला. शाळेंत शिकविणाऱ्या बाळूताई खरे, पुढील मालतीबाई बेडेकर, त्या नांवाआड होत्या. शार्लटनें 1846 सालीं 'करर बेल' हें नांव घेतलें होतें, तेंहि याच भयानें. 1837 सालीं राजकवि साउदी यांनीं तिला पत्रानें बजावलें होतें, कीं साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊं शकत नाहीं, होतांहि कामा नये.

गॅस्केलबाईंना अखेर स्वतःचें घर मिळालें. 1865 सालीं लेखनाच्या कमाईंतून त्यांनीं हॅम्पशायरांत हॉलिबोर्न येथें एक घर घेतलें, पतीला न कळवितां. वृद्धापकाळीं त्याला अचानक दाखवावें असा बेत होता. जेन ऑस्टिनचें चॉटन तेथून अवघ्या दोन-तीन मैलांवर. नोव्हेंबरच्या 12 तारखेस त्या घरांत मुलींशीं चहा घेत बोलत असतांनाच त्यांचा अंत झाला. 'वाइव्ज अँड डॉटर्स' ही कादंबरी मासिकांतून क्रमशः चालू होती. ती शेवटच्या प्रकरणाशीं थांबली, आणि कथा पुढें कशी जायची होती तें संपादकांना वाचकांस सांगावें लागलें.