मुलींची शाळा, पालक आणि शाळेची बातमी

दिवसाच्या शाळेंत जाणारी मुलगी ही शाळेचें चालतेंबोलतें वर्तमानपत्रच असते. सायंकाळीं घरीं येऊन दप्तर खुंटीस लावीपर्यंत तिनें आईला चार बातम्या सांगितलेल्या असतात. गणिताच्या बाई रजेवर गेल्या, पाण्याच्या टाकीचा नळ तुटला, उद्यां सहामाहीचें वेळापत्रक मिळणार, अमकीला वर्गांत भोवळ आली. ह्या बातम्या अपुऱ्या असतील, कधीं तिखटमीठ लावलेल्याही असतील. परंतु त्या रोज मिळतात आणि त्यांच्यावरूनच आईबापांना शाळेची नाडी कळते. ज्या शाळेची मुलगी वसतिगृहांत राहते, तेथें मात्र हा वार्ताहर सुटीखेरीज घरीं येतच नाहीं. अशा शाळेनें बातमीची दुसरी कांहीं सोय केली नाहीं, तर जूनअखेरपासून दिवाळीपर्यंत घराला शाळेचें आणि शाळेला घराचें कांहींएक कळत नाहीं.

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांत हा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक बिकट आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १४,४०० चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतेक भाग जंगलानें व्यापलेला आहे. दक्षिणेकडील सिरोंचापासून जिल्ह्याचें ठिकाण दोनशे किलोमीटरांहून दूर पडतें. पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता बंद पडावा, हा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गांवें लहान, त्यांचे टोले त्याहून लहान. गांवची शाळा बहुधा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढें शिकावयाचें तर मुलीला आश्रमशाळेंत, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत अथवा एखाद्या संस्थेच्या कन्याशाळेच्या वसतिगृहांत राहावें लागतें. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्यांमुळें पुष्कळ मुलींना घरूनच शाळेस जाणें शक्य झालें आहे. पण जेथें गाडीचें चाक पोंचत नाहीं, तेथील मुलीला वसतिगृहावांचून गत्यंतर नाहीं.

पालकांनीं मुलींच्या शाळेंत लक्ष घालावें, ही कल्पना आजची नव्हे. महाराष्ट्रांत मुलींच्या शाळा मुळांत खाजगी प्रयत्नांनींच उभ्या राहिल्या, आणि त्यांपैकीं प्रत्येकीस पालकांचा विश्वास मिळविण्यासाठीं झगडावें लागलें. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत भिडे ह्यांच्या वाड्यांत शाळा काढली, तेव्हां लोकांपुढें मोठी शंका ही होती कीं, मुलींना तेथें शिकवितात तरी काय. ह्या शंकेला उत्तर म्हणून शाळांच्या परीक्षा जाहीर रीतीनें घेण्यांत येऊं लागल्या. शहरांतील प्रतिष्ठित मंडळी बोलाविलीं जात, बघ्यांची गर्दी होई, आणि मुलींनीं वाचून व गणितें सोडवून दाखविल्याचें वृत्त पत्रांतून छापून येई. शाळेची बातमी बाहेर जाण्याची ही पहिली मोठी रीत. पुढें १८५५ सालीं फुल्यांच्या शाळेंतील सुमारें चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रांत प्रसिद्ध झाला. शाळेनें मुलीविषयीं सांगण्याऐवजीं मुलीनेंच जगाला सांगितलें, हें त्याचें वैशिष्ट्य. आजकाल शाळांच्या वार्षिकांकांत छापल्या जाणाऱ्या ‘माझी आई’ आणि ‘पावसाळा’ ह्या निबंधांच्या पुढें तो ठेवून पाहावा, म्हणजे मुलींच्या लेखणीवर आपण किती थोडा भरंवसा टाकतों तें ध्यानांत येईल.

२९ सप्टेंबर १८८४ रोजीं पुण्यांतच मुलींची माध्यमिक शाळा निघाली. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक प्रभृति मंडळी तिच्या पाठीशीं होती. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर ती भरूं लागल्यामुळें लोक तिला हुजूरपागा म्हणूं लागले. ह्या शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि अकरा ते पांच ह्या वेळेवर टिळकांच्या पत्रांनीं कडक टीका केली. मुलगी दिवसभर शाळेंत राहिली तर घरकामाचें काय, असा त्या टीकेचा एक रोख होता. त्या वादांत कोणाची बाजू खरी ठरली हें आतां सांगावयास नको. पण वेळापत्रकाचा प्रश्न हा पालकांचा प्रश्न आहे, एवढी गोष्ट त्या वादानें उघड केली. आणि आज दीडशें वर्षें होत आलीं तरी धानाच्या रोवणीच्या दिवसांत तोच प्रश्न गडचिरोलीच्या बांधीवर उभा राहतो, फक्त तो कोणी छापत नाहीं. अण्णासाहेब कर्वे ह्यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम पुढें हिंगण्यास गेला. त्यांनीं संस्थेच्या जमाखर्चाचा पैन् पै हिशोब अहवालांतून लोकांपुढें ठेवला. वर्गणी देणाऱ्याला आपल्या रुपयाचें काय झालें हें कळलें पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. मुलगी देणाऱ्याला तिचें काय झालें हें कळण्याचा अधिकार त्याहून मोठा, हें निराळें सांगणें नको.

आतां हा अधिकार कायद्यांतही आला आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणें शाळेंत व्यवस्थापन समिति असावी लागते. तिच्या सभासदांपैकीं तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणें आणि शाळेचा विकास-आराखडा तयार करणें हीं तिचीं कामें. येथें एक बारकावा ध्यानीं धरावा. खाजगी संस्थेच्या अनुदानित शाळेंत ही समिति २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्ला देणारी राहिली आहे. आणि विनाअनुदान शाळांना तर हा नियम लागूच नाहीं. तथापि महाराष्ट्राच्या शुल्क-नियमनाच्या कायद्यानें, जो २०११ सालचा आहे, खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ आवश्यक ठरविला. त्याच्या कार्यकारी समितींतील पालक चिठ्ठ्या टाकून निवडावयाचे असतात. चिठ्ठीची ही युक्ति वरवर पोरकट वाटते. परंतु ती नसती, तर दरवर्षीं त्याच दोन-चार वजनदार गृहस्थांचीं नांवें निघालीं असतीं, आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचें नांव कोणाच्या तोंडीं आलें नसतें.

कायद्यानें समिति होते, पण बातमी होत नाहीं. ती होण्यास भाषा लागते. ह्या दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी व माडिया बोलल्या जातात. सिरोंच्याकडे तेलुगू चालते, मुलचेरा-चामोर्शी भागांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, आणि उत्तरेस कोरचीकडे छत्तीसगढी ऐकूं येते. अशा ठिकाणीं ‘आपणांस कळविण्यांत येतें कीं’ ह्या शब्दांनीं सुरू होणारा कागद घरीं पोंचला, तर तो चुलीजवळच्या फळीवर ठेवला जातो आणि तेथेंच राहतो. शिवाय शाळेचा कागद म्हणजे कांहीं तरी वाईट, अशी पालकांची धारणा झालेली असते. आणि तिचा दोष पालकांकडे नाहीं. मुलगी नापास झाली, गैरहजर राहिली, दाखल्याचे कागद अपुरे पडले, एवढ्याच प्रसंगीं शाळेला घराची आठवण होत असेल, तर घरानें शाळेची धास्ती घ्यावी हें स्वाभाविकच आहे. मुलीनें धावण्यांत पहिला क्रमांक मिळविला, ती आतां अडखळल्यावांचून वाचते, तिनें आजारी मैत्रिणीची सेवा केली, अशी चार ओळींची बातमी वर्षांतून दोनदां तरी घरीं जावी. तिला खर्च नाहीं. पण त्यानंतर जाणारा तक्रारीचा कागदही निराळ्या मनानें ऐकला जातो.

अलीकडे भ्रमणध्वनीवर पालकांचे व्हॉट्सअॅपचे गट करण्याची रीत पडली आहे. ज्या गांवीं तारांचें जाळें आहे तेथें ती सोयीची खरी. परंतु दोन गोष्टी विसरूं नयेत. दूरच्या टोल्यांवर आवाज लागण्यासाठीं टेकडीवर चढावें लागतें. आणि घरांत यंत्र एकच असलें तर तें बापाच्या अगर थोरल्या भावाच्या खिशांत असतें. मुलीच्या आईला तो निरोप दिसत नाहीं. मुलीविषयीं निर्णय होतात त्यांत आईचा शब्द मोठा असतो, आणि बातमी नेमकी तिलाच चुकते. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशीं शिक्षिकेनें बाजारांत तासभर बसावें, ही साधी युक्ति अजून जुनी झालेली नाहीं. मीठ, मिरची आणि सुकी मासळी घेण्यासाठीं पंचक्रोशींतील बायका येतातच. कोतवालाच्या दवंडीनें जें काम होत नाहीं तें तेथें बोलतां बोलतां होतें.

सर्वांत नाजूक बातमी आजारपणाची. गडचिरोली जिल्ह्यांत हिंवतापाचें प्रमाण राज्यांत मोठें आहे, आणि येथील कांहीं समाजांत सिकलसेलचा आनुवंशिक विकार आढळतो. ह्या विकारांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. थंडी, ताप, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम ह्यांनीं तो उसळतो. आईबाप दोघेही वाहक असतील तरच अपत्यांत रोग पूर्णपणें उतरण्याचा संभव असतो; एकटा वाहक असलेला मनुष्य बहुधा धडधाकट असतो. ही माहिती घरीं असते आणि वसतिगृहांत नसते, अथवा तपासणी शाळेंत होते आणि निकाल घरीं जात नाहीं. मग मुलीचे सांधे दुखूं लागले म्हणजे अधीक्षिका तिला आळशी समजते. प्रवेशाच्या दिवशींच आईजवळ बसून पूर्वीचे आजार टिपून घेणें, आणि ताप आल्यास किती वेळांत व कोणाच्या मार्फत घरीं निरोप जाईल हें त्याच वेळीं ठरविणें, हें शाळेचें पहिलें कर्तव्य होय. मुलगी दवाखान्यांत पोंचल्यावर चौथ्या दिवशीं बापाला कळलें, तर तो तिला बरी झाल्यावरही परत धाडीत नाहीं. आणि त्यावरून त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

मुलीच्या अंगावर कोणी हात टाकल्याची बातमी असेल, तर तेथें पालकांची मर्जी किंवा शाळेची अब्रू ह्यांचा प्रश्नच उरत नाहीं. २०१२ सालच्या बालसंरक्षण कायद्यानें असा प्रकार ज्यास कळला त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविणें हाच गुन्हा आहे. राज्यांत २०२२ सालीं शाळांतून ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा आदेश निघाला तो ह्याच हेतूनें. समितीचा फलक भिंतीवर लागला एवढ्यानें भागत नाहीं. मुलीनें नेमकें कोणापाशीं बोलावें, हें तिच्या आईलाही तोंडपाठ असलें पाहिजे.

पालकांना सभेस बोलवावयाचें तर जंगलाचें पंचांग पाहावें लागतें. मार्च-एप्रिलांत पहाट होण्यापूर्वीं बायका मोहफुलें वेंचावयास जातात. मे महिन्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, आणि त्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर कित्येक घरांचा पावसाळा निघतो. जुलै-ऑगस्टांत रोवणी, दिवाळीच्या मागेंपुढें धानाची कापणी. विदर्भांतील शाळा उन्हामुळें जूनच्या शेवटच्या आठवड्यांत उघडतात, आणि लगेच पहिली पालकसभा ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे नांगर जुंपण्याच्या ऐन घाईंत. सभेस माणसें आलीं नाहींत म्हणजे ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा वहींत पडतो. तीच सभा कापणी उरकल्यावर ठेवली असती तर शेरा निराळा पडला असता.

सभेंत बसण्याची व बोलण्याची संवय ह्या भागांतील लोकांना नाहीं, असें मानणें तर साफ चूक आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा ह्या गोंड गांवाच्या ग्रामसभेंत बहुमतानें नव्हे तर सर्वांच्या सहमतीनें निर्णय होतात, आणि स्त्रिया त्यांत बरोबरीनें बसतात. २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना होते. जीं माणसें आपल्या जंगलाचा हिशोब मांडतात तीं शाळेच्या हिशोबापुढें गप्प कां बसावींत? त्यांना खुर्चीवर बसविलेल्या पाहुण्यांसमोर सतरंजीवर बसवून भाषणें ऐकविलीं जातात, हें त्याचें कारण. भामरागडकडे हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्पानें १९७६ सालीं आश्रमशाळा काढली, तीही दवाखान्याच्या मागून आली. डॉक्टरांनीं प्रकृति सुधारली, माणसें ओळखीचीं झालीं, आणि नंतर मुलें शाळेंत आलीं. हा क्रम उलटून चालत नाहीं.

दिवाळीची सुटी संपल्यावर हजेरीपटावर कांहीं नांवें कोरीं राहतात. चौदावें वर्ष उलटलेल्या मुलींचीं तीं बहुधा असतात, कारण मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा आधार तेथें संपतो. धाकट्या भावाला सांभाळणें, शेतीची मजुरी, आणि कित्येकदां अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच जुळूं लागलेलें लग्न. अशा मुलीच्या घरीं शिक्षकापेक्षां दुसरी पालक-स्त्री गेलेली अधिक उपयोगी पडते. ‘माझीही अजून शिकते आहे, आपण दोघी मिळून पोंचवूं’ हें वाक्य ती बोलूं शकते, शिक्षक बोलूं शकत नाहीं. समितींतील प्रत्येक आईकडे आपल्या आसपासच्या टोल्यांतील चार-पांच मुलींचा सांभाळ सोंपवावा, आणि शाळा उघडल्यापासून आठ दिवसांच्या आंत न आलेल्या मुलीची खबर तिनें शाळेस द्यावी. येथें बातमीची दिशा उलटते. घर शाळेला कळवितें.

संक्रांतीच्या सुमारास पुष्कळ कन्याशाळांत माता-पालकांचा मेळावा हळदीकुंकवाच्या निमित्तानें भरतो. बायका त्यास हौसेनें येतात हें खरें; पण ज्या मुलीची आई विधवा आहे ती त्या दिवशीं दाराबाहेरच राहते, आणि मुलगी तें पाहते. ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती थोडीच आधीं येते. त्या दिवशीं मेळावा भरविला तर कोणासही बाहेर राहावें लागत नाहीं. धान घरांत आलेलें असतें, मोह फुलावयास अवकाश असतो. मेळावा सकाळीं लवकर सुरू करून दुपारीं दोनला संपवावा, म्हणजे एटापल्ली-भामरागडकडच्या आयांना परतीची शेवटची बस मिळते.