लघवी साफ होते, तरीही

लघवी साफ होते म्हणजे किडनी ठणठणीत, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणजे मूत्रपिंडाची रचना किंवा काम किमान ३ महिने बिघडलेलं असणं. चहाची गाळणी फाटली तरी कप भरतोच, फक्त चोथाही खाली उतरतो. तसंच इथे लघवी पुरेशी होते, पण तिच्यातून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) निसटत असतं. दुखत काहीच नाही. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारं टाकाऊ द्रव्य) तपासून घ्यावं.

क्रिएटिनिनचा नुसता आकडा मात्र फसवतो. १.२ हा आकडा पंचविशीतल्या धडधाकट तरुणाला चालून जातो. सत्तरीच्या आजींच्या बाबतीत तोच काळजीचा. म्हणून वय आणि लिंग धरून ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा अंदाज) काढतात. तो १५ च्या खाली गेला की पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा. तिथेही डायलिसिस कधी सुरू करायचं हे लक्षणं पाहून ठरतं. गेलेली क्षमता सहसा परत येत नाही, पण रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवली, औषधं वेळेवर घेतली, तर घसरण बरीच लांबवता येते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.