ट्रंकेतल्या निगेटिव्हचे काय करायचे?

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या ट्रंकेतून फोटोंचा डबा हमखास बाहेर येतो. आपण तासभर ते फोटो बघतो आणि 'एकदा हे सगळं नीट करायला हवं गं बाई' म्हणून डबा पुन्हा बंद करतो.

पण मैत्रिणींनो, हे काम फार काळ पुढे ढकलण्याजोगे नाही. रंगीत फोटोंचे रंग उडतात, पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी धरते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर मूळ फिल्मच खराब होऊ लागली आहे असे समजावे. ही क्रिया थंड, कोरड्या जागी मंदावते, पण थांबत नाही. अशा फिल्मचा नंबर पहिला.

यासाठी दोन तऱ्हेची यंत्रे मिळतात. फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये काचेवर फोटो पालथा ठेवून झाकण लावायचे. मात्र निगेटिव्हसाठी झाकणातही दिवा हवा, कारण प्रकाश फिल्ममधून आरपार जावा लागतो. मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या साध्या प्रिंटर-स्कॅनरवर कागदी फोटो छान उतरतात, निगेटिव्ह नाही. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न झाकणातल्या दिव्याचाच विचारा.

दुसरा हातात मावणारा फिल्म स्कॅनर. याच्या आत दिवा आणि छोटासा कॅमेरा असतो. फिल्मची पट्टी सरकवायची, बटण दाबायचे, की काही सेकंदांत फोटो मेमरी कार्डावर. बहुतेकांना कॉम्प्युटरही लागत नाही. पण कागदी फोटो यात जात नाहीत, आणि फिल्म सहसा ३५ मिलिमीटरची किंवा त्याहून लहान लागते.

म्हणून बाजारात जाण्याआधी डब्यातला माल मोजा. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरचे चित्र २४ × ३६ मिलिमीटरचे असते. त्याहून मोठी, चौकोनी निगेटिव्ह दिसली तर ती बहुधा १२० नंबरच्या फिल्मची. आमच्या मामंजींकडे आग्फा क्लिक थ्री होता, त्याची निगेटिव्ह ६ × ६ सेंटिमीटरची. घरात सगळ्यांचे मत छोट्या यंत्राला होते, जागा कमी खाते म्हणून. पण सासूबाईंचा त्यांच्या आईबरोबरचा एकुलता एक फोटो त्या चौकोनी निगेटिव्हवरच उरला आहे, प्रिंट केव्हाच हरवली. मग दुसरा विचारच केला नाही, फ्लॅटबेड आणला. घेताना १२० नंबरची फिल्म धरणारी चौकट सोबत आहे ना, हे पाहून घेतले.

नणंदेकडे उलट प्रकार. ३५ मिलिमीटरचे २० रोल, प्रत्येकी ३६ फोटो, म्हणजे ७२०. फ्लॅटबेडवर एका फोटोला दोन मिनिटे धरली तरी २४ तास! नोकरी सांभाळून तिला ते कसे जमणार? तिने छोटे यंत्र घेतले, तेच तिच्यासाठी योग्य.

खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. पुष्कळदा खरा आकडा लहान असतो आणि उरलेले ठिपके यंत्र अंदाजाने भरते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? फ्लॅटबेडवर कागदी फोटोला इंचामागे ३०० ठिपके पुरतात, मोठा करायचा असेल तर ६००. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला २४०० ठेवा, त्यातून साधारण ११ × ७ इंचांची चांगली प्रिंट निघते. काही फ्लॅटबेडमध्ये धूळ आपोआप पुसण्याची सोय असते. ती रंगीत निगेटिव्हला उपयोगी, नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला नाही, कारण तिच्यातली चांदी इन्फ्रारेड प्रकाश अडवते.

फिल्म कडेनेच धरावी. धूळ रबरी फुग्याच्या पंपाने उडवावी, पदराने पुसू नये, ओरखडे पडतात. गुंडाळी झालेली पट्टी स्वच्छ कागदात घालून चार दिवस जाड पुस्तकांखाली ठेवली, की सरळ होते. अल्बमला चिकटून बसलेला फोटो ओढू नका, पानासकट काचेवर ठेवा.

काम झाले, की दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मूळ निगेटिव्ह मुळीच टाकू नका. आणि हो, फोटोतल्या माणसांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आताच लिहून घ्या. ती कुठल्याच यंत्रातून निघत नाहीत.